दांडा खालीच होता

कांगशान, १० ऑगस्ट

मायाव,

तुझा डबा माझ्याकडे आहे. म्हणजे डबा आहे, आतलं जेवण नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग घरी बी-युन म्हणाली की या उकाड्यात मासा उद्यापर्यंत टिकायचा नाही, आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला. त्यावरून रागावू नकोस. आधीच तू कशावरून तरी रागावला आहेस, आणि कशावरून तेच मला कळत नाही.

पेजरवर निरोप टाकून थकलो. तुझ्या खोलीवर गेलो तर मालकीण म्हणाली, 'पिशवी घेऊन गाडीला गेले.' गावी गेलास म्हणजे. कुणी आजारी आहे का? तसं असतं तर सांगून गेला असतास. इतकी वर्षं आपण दोघंच काम करतो. लघवीला जातानाही तू 'आलोच' म्हणतोस.

परवा दुपारी नक्की काय झालं? मला आठवतं ते असं. ॲसिडच्या खोलीबाहेरचं ते जुनं पॅनेल आपण उघडलं. आतून गंजाचे पोपडे गळाले, तांब्याच्या पट्ट्यांवर हा एवढा हिरवा कळंक, आणि तू म्हणालास, 'हे पॅनेल आहे की मेलेला मासा?' मी हसलो. मेन स्विचचा दांडा खाली ओढला, त्याला माझं कुलूप घातलं, टेस्टर लावून तिन्ही फेज पाहिले आणि तुला म्हणालो, 'मेलंय, खोल.' मग तुझ्याकडे पाठ करून नव्या केबलची टोकं सोलायला बसलो.

मागे काहीतरी आपटलं. वळलो तर तू केबलच्या चरात बसलेला, तोंड पांढरंफटक. मला वाटलं पाय घसरला. तिथली फरशी कायमच ओली. 'लागलं का?' म्हणून विचारलं. तू माझ्याकडे असा पाहत राहिलास, जणू आपली आज पहिल्यांदाच गाठ पडत होती. मग म्हणालास, 'बंद आहे ना?'

'आहे की,' मी म्हणालो.

तू उठलास. दांड्यापाशी गेलास, माझं कुलूप हातात धरून बघितलंस, डोक्यावरचं हेल्मेट काढून पॅनेलवर ठेवलंस आणि चालू लागलास. मला वाटलं हात धुवायला चाललास.

एकदा मनात आलं की करंट बसला की काय. पण लाइन मेलेली होती. मेलेल्या लाइनला करंट कुठून येणार?

मग दुसरंच काही असेल. सुगीच्या सणाला गावी न जाता तू या कामासाठी थांबलास, त्याचं मनात होतं का? की सकाळी लियावशेठ त्याच्या कारखान्याच्या फाटकात 'आले का आमचे डोंगरातले पाहुणे' म्हणाला ते? तू समुद्रकाठचा, पण त्याला सगळे आदिवासी डोंगरातलेच. त्याचं तोंड त्याच्या टाक्यांसारखंच आहे, झाकण नाही त्याला. की मी काही बोललो? मी दिवसभर काहीबाही बोलतच असतो, त्यातलं नेमकं काय लागलं ते कळव.

काम अडलंय. तू गेल्यावर लियावने जुन्या पॅनेलला परत झाकण ठोकायला लावून लाइन सुरू केली. आता नवं पॅनेल शेजारी उभं करून एकदमच बदलायचं ठरलं आहे. तात्पुरता एक माणूस घेतलाय, त्याला ॲसिडच्या वाफेने सारख्या शिंका येतात.

पत्र नको तर निरोप टाक.

थ्येनफू


कांगशान, १५ ऑगस्ट

मायाव,

शेवटी तुझ्या गावच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने पानायवहिनींना बोलावून आणलं. मी नेहमीसारखं म्हणालो, 'काय वहिनी, नवऱ्याला लपवून ठेवलंय का?' त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'ते बोलत नाहीत. उजवा हात पोटाशी धरून अंगणात बसतात. तळवा भाजलाय, कोपराला भोक पडलंय. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं नाही हे नशीब.'

मी विचारलं, 'कसं झालं?'

त्या म्हणाल्या, 'ते तुम्हालाच ठाऊक.' आणि फोन ठेवला.

म्हणजे करंटच होता. तळव्यातून शिरला आणि कोपरातून पॅनेलच्या लोखंडात गेला.

मायाव, मी दांडा ओढला होता. तुझ्यासमोर ओढला. खट् आवाज आला होता. कुलूप माझं, किल्ली माझ्या गळ्यात, आत्ता लिहितानाही छातीवर आहे. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मग करंट आला कुठून? आणि मला ठाऊक म्हणजे काय ठाऊक?

त्या दिवसापासून मी तो दांडा रोज ओढतोय, मनातल्या मनात. सुरुवातीला स्पष्ट दिसायचा. आता जितक्यांदा ओढावा तितका पुसट होतो. कधी दिसतं की कुलूप लावताना तू शिटी वाजवत होतास. पण शिटी तू मागच्या महिन्यात कोळंबीच्या बर्फखान्यात वाजवत होतास, इथे ॲसिडमध्ये कोण शिटी वाजवेल? कधी दिसतं की मी टेस्टर दोनच फेजला लावला. कधी तिन्हीला. काल रात्रभर तीनच दिसले, आज सकाळी चहा पिताना दोन.

बी-युनला विचारलं, 'मी विसरभोळा झालोय का गं?' ती म्हणाली, 'गॅस बंद केला की नाही ते तू दोनदा उठून बघतोस.' मी म्हणालो, 'मग हे काळजीपूर्वक वागणं झालं की विसरणं?' ती म्हणाली, 'ते मला काय माहीत, तूच ठरव.'

लियाव कारखान्यात तुझ्याबद्दल काही बोलत असतो. ते लिहिण्यासारखं नाही.

हाताला तूप-बीप लावू नका. जखम कोरडी ठेवा. वहिनींना सांग, मी परत फोन करीन. त्यांनी ठेवला तरी करीन.

थ्येनफू


कांगशान, २३ ऑगस्ट

मायाव,

दोनदा फोन केला. एकदा दुकानदार म्हणाला तू समुद्रावर गेलास, एकदा म्हणाला झोपलास. दोन्ही वेळी त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखतो.

परवा कारखान्यात भुतांच्या महिन्याचा नैवेद्य झाला. मोठं टेबल मांडलं होतं, आख्खी कोंबडी, अननस, बिस्किटांचे डबे, बिअर. लियावने त्या जुन्या पॅनेललाही उदबत्ती ओवाळली. सगळ्या कामगारांचं एकमत झालंय की हे 'चांगल्या भावां'चं काम, या महिन्यात भूत म्हणायचं नसतं ना. म्हणे पूर्वी इथे कुणीतरी टाकीत पडून मेला होता, त्यानेच तुला ढकललं. मला ते ऐकून जरा बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

यूएकाकू तुला आठवते ना, टाकीवर क्रेन चालवते ती, तोंडावर फुलाफुलांचा रुमाल बांधणारी. तिला बाजूला घेऊन विचारलं, 'काकू, खरं सांग. त्या दुपारी दांड्याला कुणी हात लावला होता?'

'मेल्या, मी क्रेनवर समोरच होते. कोण लावणार? तू ओढलास, तू कुलूप घातलंस, आणि तू पाठ फिरवलीस.'

'म्हणजे मी ओढला होता ना?'

'अरे, सांगतेय काय मी! आणि तुझा तो मायाव थरथरत होता, मला वरून वाटलं नाचतोय. त्यांच्यात नाचतात ना सुगीला. मी हसले रे.' असं म्हणून ती रुमालाने डोळे पुसायला लागली. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे काही सांगता येत नाही.

म्हणजे दांडा मी ओढला आणि नंतर त्याला कुणी शिवलं नाही. तरी तुला करंट बसला. मला वाटलं होतं साक्षीदार मिळाला की डोकं मोकळं होईल. ते आणखी जड झालं.

शेवटी देवळात गेलो. मातेसमोर लाकडी कौल टाकले. विचारलं, 'माझ्याकडून चूक झाली का?' दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. देवी हसली. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. परत टाकले. परत हसली. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, 'प्रश्न नीट विचारा हो.' नीट म्हणजे कसा विचारू?

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो, कारण ते पोटात ठेवून झोप येत नाही. कुणीतरी कामगार खात्याला कळवलंय आणि त्यांचा साहेब चौकशीला यायचा आहे. लियावने मला ऑफिसात बोलावलं, चहा दिला, उत्तम चहा, डोंगरातला, तुमच्या बाजूचा. म्हणाला, 'थ्येनफूमास्तर, मायाव त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पिऊन आला होता. डोंगरातली माणसं, त्यांचं असंच. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. मग पुढच्या दोन्ही शेडचं काम तुमचंच.'

तू तेव्हा जेवलाही नव्हतास. तुझा भरलेला डबा माझ्याच घरी रिकामा झाला.

मी काय म्हणालो असेन? 'बघतो' म्हणालो. नाही म्हणालो नाही. का, ते मला विचारू नकोस. मला खरंच वाटलं की तू पिऊन आला असतास तर किती सोपं झालं असतं.

थ्येनफू


३० ऑगस्ट

मायाव,

एवढंच. निघताना तू माझं कुलूप हातात धरून पाहिलंस. ते लागलेलं होतं की नाही? हो किंवा नाही, एवढं एका कार्डावर लिही. तिकीट सोबत ठेवलंय.

थ्येनफू


कांगशान, ११ सप्टेंबर

मायाव,

तुझं कार्ड आलं नाही. पण आता नको. सापडलं!

क्रमाने सांगतो, नाहीतर माझ्या तोंडून शेवट आधी निघेल. शनिवारी वीज मंडळाच्या लोकांनी बाहेरच्या खांबावरूनच पुरवठा तोडला आणि आम्ही नवं पॅनेल जोडलं. जुनं मोडीत निघालं. त्या शिंकणाऱ्या माणसाने मेन स्विच काढून अंगणात भंगाराच्या ढिगावर नेऊन टाकला. संध्याकाळी मी तिथे हात पुसत उभा होतो. सहज वाकलो आणि दांडा वर केला, खाली केला. खट्. वर, खाली. खट्. हातांना सवयच ती. आणि मग लक्षात आलं की आवाज बारीक येतोय. तीन पात्या एकदम सुटल्या की कसा भरीव आवाज येतो, तू डोळे मिटून सांगशील. हा तसा नव्हता. त्या दुपारी टाक्यांचे पंखे धडधडत होते, बारीक काय आणि भरीव काय, कुणाला ऐकू येणार?

छिन्नीने झाकण उचकटलं. दोन पात्या दांड्याबरोबर वर-खाली होत होत्या. तिसरी जागची हलत नव्हती. तिला दांड्याशी जोडणारा हात ॲसिडच्या वाफेने खाऊन टाकला होता, पार आरपार. पाती आपल्या खाचेत चिकटून बसली होती, जणू तिथेच उगवली. वरून बघणाऱ्याला दांडा खाली. आत एक फेज जिवंत.

मी तिथेच मातीत बसलो. मग उठलो, कारण टेस्टरचा प्रश्न राहिलाच होता. मी तीन फेज तपासले असतील तर तिसऱ्याला दिवा लागायला हवा होता. म्हणजे मी दोनच तपासले? म्हणजे शेवटी मीच?

तो स्विच गाडीत घालून घरी आणला. बी-युन ओरडली, 'हा वास घरात नको!' मागच्या पडवीत ठेवला, त्या तिसऱ्या पातीला घरातून तार ओढून जिवंत केलं, आणि त्याच टेस्टरचं टोक त्याच ठिकाणी टेकवलं जिथे त्या दिवशी टेकवलं असणार. दिवा लागला नाही. दुसऱ्या बाजूला टेकवलं. नाही. पुन्हा. नाही. त्या कळंकाचा थर इतका जाड की टोक तांब्यापर्यंत पोचतच नव्हतं. खरवडलं आणि टेकवलं. दिवा भक्कन लागला.

तुझ्या पान्याने बोल्ट फिरवताना तो थर फोडला असणार.

मी बी-युनला हाक मारली. 'हे बघ, लागला! खरवडलं की लागतो, नाही खरवडलं तर लागत नाही!' ती भांडी टाकून आली, दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'हो रे, लागला. आता तो बंद कर आणि जेवायला चल.'

मी तिन्ही तपासले होते, मायाव. बहुतेक. म्हणजे दोन तपासले असते तरी तीन तपासल्यासारखंच दिसलं असतं आणि तीन तपासले तरी एक चुकणारच होता. हे मी तुला नीट समजावून सांगतोय की स्वतःला, ते कळत नाही. पण मी तुला जिवंत लाइनवर पाठवलं नाही. मुद्दाम नाही, घाईत नाही, विसरून नाही. एवढं तरी आता धड सांगता येतं.

स्विच मी जपून ठेवलाय. तू म्हणशील तेव्हा तुझ्या गावी घेऊन येतो. तू स्वतःच्या हाताने दांडा ओढून बघ.

थ्येनफू


कांगशान, २० सप्टेंबर

मायाव,

कामगार खात्याचा साहेब आला. बिचारा नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरला. लियावने त्याला थेट जेवणाच्या खोलीत नेलं, कारण तिथे दारं बंद होतात. सगळे जेवत होते. साहेबाने विचारलं, 'त्या दिवशी जोडीला कोण होतं?' लियाव माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, 'हे आमचे थ्येनफूमास्तर. जुने जाणते. हेच सांगतील.'

मी उभा राहिलो. म्हणालो, 'मायाव पिऊन आला नव्हता. तो जेवलाही नव्हता. स्विच सडलेला होता. माझ्या गाडीत आहे, आणतो.'

आणला आणि त्यांच्या ताटांच्या मधे ठेवला. साहेबाने दांडा वर केला, खाली केला, आत वाकून बघितलं. त्याला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण त्या पातीचा फोटो काढला. लियाव म्हणाला, 'मास्तर, हा माल माझा आहे, तुम्ही विचारल्याशिवाय नेलात.' तेव्हा यूएकाकू कोपऱ्यातून ओरडली, 'भंगारात टाकलं तेव्हा नव्हता वाटतं तुझा?' सगळे हसले. लियावही हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

फाटकाशी त्याने मला गाठलं. ओरडला नाही. म्हणाला, 'तुमचं माझं वैर नाही. पण उद्यापासून येऊ नका.' मी म्हणालो, 'बरं.' तो म्हणाला, 'मला काय हवं होतं का असं व्हावं?' त्याचे डोळे लाल होते. त्याचेही लाल होतात, तोही तिथेच असतो दिवसभर. मला त्याचा राग यायला हवा होता. आला, पण पुरता आला नाही.

तुला वाटेल मी हे मोठेपणासाठी लिहितोय. तसं नाही. मला वाटलं होतं की एवढं केल्यावर तू फोन उचलशील.

थ्येनफू


चांगपिन, १९ ऑक्टोबर

थ्येनफू,

अक्षर पानायचं आहे. माझी दोन बोटं मिटत नाहीत आणि डाव्या हाताने लिहिलं तर तुला वाटेल कागदावरून कोंबडी चालून गेली. तिला सांगितलंय, मी बोलेन तेवढंच लिही, मधे स्वतःचं घालू नकोस.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पोस्टमन विचारतो, हा माणूस तुला काही विकतोय का.

तू काही केलंस असं मी कधीच धरलं नव्हतं. कुलूप मी पाहिलं, लागलेलं होतं. दांडा खालीच होता. पानायला मी काही बोललो नव्हतो, तिने आपल्या मनाने ठरवलं. ती म्हणते, नवरा हात भाजून घरी येतो, तोंड उघडत नाही, मग बायकोने समजायचं काय? ती तुझी माफी मागते. हे वाक्य लिहायला तिने बराच वेळ लावला.

तू स्विच उघडून बघितलास, साहेबापुढे बोललास, ते बरं केलंस. माझ्या मुलीने ते पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. पण ते मला विचारायचंच नव्हतं. सडलेल्या पॅनेलमध्ये काय काय होतं ते मला ठाऊक आहे. मी मधेच का गेलो ते तू विचारतोस. ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून एवढे दिवस लागले. जमेल तसं सांगतो.

पाना धरला आणि करंटने मला धरलं. हात सुटेना. तोंड उघडं होतं, पण आवाज निघेना. डोळे मात्र चालत होते, आणि डोळ्यांसमोर तू होतास. पाठमोरा. केबल सोलत होतास. तुझ्या शर्टाला पाठीवर घामाचं मोठं ठिगळ होतं. तू म्हणालास, 'संध्याकाळी मटण खायचं का रे?' मी मरत होतो, थ्येनफू. मी उत्तर दिलं नाही तर तू परत विचारलंस, 'आल्यातलं खायचं की लाल रश्शाचं?' मग स्वतःच म्हणालास, 'लाल रश्शाचंच खाऊ.' मग पाना सुटला आणि मी चरात पडलो.

तू वळलास आणि विचारलंस, लागलं का. तुझ्या तोंडावर काहीच नव्हतं. काही असायचं कारणही नव्हतं. तुला ठाऊकच नव्हतं. तू माझ्यापासून दोन हातांवर होतास आणि मी तिथे एकटा होतो. कुलूप पाहिलं ते यासाठी, की तू विसरला असतास तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि संध्याकाळी मटण खाल्लं असतं. पण कुलूप लागलेलं होतं. मग मला कळेना की आता काय करायचं. तिथे उभा राहिलो असतो तर रडलो असतो, आणि तुझ्यासमोर रडायचं कसं ते मला माहीत नाही. म्हणून चालू लागलो.

फोनवर तुझा आवाज ऐकायचो. मागे मीच खोकायचो. पण तू बोलायला लागलास की मला ते मटणच ऐकू यायचं.

कामावर परत येणार नाही. डाव्या हाताने जाळं टाकायला शिकतोय. मासे मजेत आहेत.

तो स्विच इकडे आणू नकोस.

मायाव


कांगशान, २ नोव्हेंबर

मायाव,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. बी-युनने विचारलं, 'काय लिहिलंय?' मी म्हणालो, 'माझ्यावर राग नाही म्हणतो.' ती म्हणाली, 'मग रडतोस कशाला?' मी म्हणालो, 'ठाऊक नाही.' ती गॅसपाशी गेली आणि थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, 'मला वाचायला दे.' दिलं. वाचून तिने घडी घातली आणि भात चढवला. मग रात्रीचं जेवण वाढताना एकदम म्हणाली, 'तुला तो दिसला नाही, त्यात तुझा काय दोष?' मी म्हणालो, 'दोष नाही. तेच तर.'

मटणाचं मी विचारलं होतं, हे मला आठवतच नाही. दांडा आठवतो, टेस्टर आठवतो, कुलूप आठवतं, हजारदा आठवून झिजलं सगळं. मटण मात्र अजिबात नाही. दोन महिने मी जिथे शोधत होतो तिथे तू नव्हतासच.

उत्तर द्यायला बसतो आणि उठतो. 'मला ऐकू आलं असतं तर' असं लिहायला घेतो. पण तू ओरडलासच नव्हतास, मग ऐकू काय येणार? 'मी वळून बघायला हवं होतं' असं लिहितो. पण प्रत्येक वेळी कोण वळून बघतं? मग कागद फाडतो. माझं काय चुकलं ते सापडत नाही आणि काही चुकलं नाही असंही म्हणवत नाही. तूही तेच लिहिलं आहेस, वेगळ्या शब्दांत. म्हणजे आपण दोघंही तिथेच अडकलोय. निदान एकाच ठिकाणी.

मला नवं काम लागलंय, चामड्याच्या कारखान्यात, नदीकाठी. वासाचं काही सांगत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल. तिथलीही पॅनेलं अशीच कुजलेली. आता खरवडल्याशिवाय टेस्टर लावत नाही, आणि एकदा लावून समाधान होत नाही. जोडीला लो नावाचा माणूस आहे, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, सुपारी चघळत काम करणारा. हात चांगला आहे त्याचा.

त्याला माझी एक सवय सहन होत नाही. तो पॅनेलमध्ये वाकला की मी माझं काम सोडून त्याच्याकडे बघतो. थोडं सोलतो, बघतो. पुन्हा सोलतो, बघतो. आज तो वैतागला. पाना खाली ठेवून म्हणाला, 'काय सारखं मागे वळून बघता हो? मी काय चोरून नेतोय का काही?'

मी म्हणालो, 'नाही. आहेस का, ते बघतोय.'

त्याने माझ्याकडे बघितलं. सुपारी थुंकली. म्हणाला, 'आहे.' आणि परत आत वाकला.

रविवारी दुकानात फोन करतो. तू उचल. काही बोलला नाहीस तरी चालेल, पण खोकू नकोस नुसता, उचल. मटणाचं नाव काढणार नाही. काय बोलायचं ते मलाही माहीत नाही. आपण थोडा वेळ तसेच फोन धरून बसू.

थ्येनफू